नाखवा आणि शिडीचं अक्षर

आमच्या घरातल्या सगळ्या उशांवर जपानी लिहिलंय, आणि ते सगळं चुकलेलं आहे.

बरोबर असतं तर ते घरी आलंच नसतं. बरोबर निघालेलं कापड जपानला जायचं, बिघडलेलं माझ्या पिशवीत. ठाकुर्लीला चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या तेव्हा. उशा, टॉवेल, डब्याचा रुमाल, पोरीचं दप्तर, खिडकीचा पडदा, जिकडे बघावं तिकडे निळ्या धाग्यातला जपान. बायको म्हणायची, "माहेरी विचारतात, जावई काय काम करतात. काय सांगू? चुका करतात आणि घरी आणतात?"

मी म्हणायचो, "चुका मशीन करतं. मी फक्त आणतो."

"मग मशीनलाच जावई करून घ्यायचं होतं."

माझी शाळा चौथीत सुटली. मी सोडली असं मी सांगतो, मास्तरांना विचारलंत तर ते वेगळं सांगतील. टेलरकडे काजं करत करत मी वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर लागलेलो. शाळांचे बॅज, वेटरच्या खिशावरची नावं, क्रिकेट क्लबच्या टोप्या. गाळ्याला वर पोटमाळा होता आणि पोटमाळ्यावर एसी, दोन कंप्युटर. आमच्या शेठच्या डोक्यात एक आयडिया होती. कंप्युटरवर नाव टाइप करायचं, प्रोग्रामने त्या अक्षरांचे टाके बनवायचे, फ्लॉपी मशीनला लावली की नाव कापडावर. इंग्रजीत ते झकास चालायचं. मग कुठूनतरी जपानच्या एका युनिफॉर्मवाल्या कंपनीला वास लागला. त्यांना हेच पाहिजे होतं, पण त्यांच्या अक्षरांत. शाळेतल्या पोरांच्या छातीवर नावं.

शेठने जपानी येणारा माणूस शोधायला सुरुवात केली. आणि तो सापडला कुठे, तर चेंदणी कोळीवाड्यात, ओट्यावर बसून बहिणीच्या कोंबड्या हाकताना.

आम्ही त्यांना नाखवा म्हणायचो. होडी नव्हती त्यांच्याकडे. एक होती म्हणे भावांची, पण ती विकली की बुडली ते कळायला मार्ग नव्हता, कारण दोन्ही गोष्टी त्यांनीच वेगवेगळ्या दुपारी सांगितलेल्या. अर्धं आयुष्य मोठ्या बोटींवर, वायरलेसच्या खोलीत गेलेलं. जपानच्या बंदरात बोट दुरुस्तीला लागली की बाकीचे खलाशी जिथे जायचे तिथे जायचे, आणि हे एका म्हाताऱ्या छापखानेवाल्याकडे जाऊन बसायचे. तिथे शिशाच्या खिळ्यांचे खणच्या खण. म्हातारा बोलायचा नाही, हे बोलायचे नाहीत. म्हाताऱ्याने बोटाने दाखवलं ते अक्षर खणातून काढून द्यायचं. असं करत करत जपानी शिकले.

"मग बोलायला कधी शिकलात?" मी विचारलं.

"ते अजून राहिलंय," म्हणाले.

शेठने पगार विचारला तेव्हा नाखवांनी पगाराचं काही सांगितलं नाही. एकच अट घातली. खुर्ची नको, झोपाळा पाहिजे. इतकी वर्षं बोटीवर काढली, आता जमीन हलत नाही म्हणून डोकं पण हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. पोटमाळ्याला एक लोखंडी हूक होता, आधीच्या मालकाने जड सामान वर चढवायला लावलेला. नाखवांनी कोळीवाड्यातून जाड दोर आणला, एक फळी आणली, आणि कंप्युटरसमोर झोपाळा टांगला. पुढे आले की टाइप करायचे, मागे गेले की विचार करायचे. मागचा झोका नेहमी लांब असायचा.

खाली माझं मशीन. दुपारी सगळं इस्टेट झोपल्यासारखं व्हायचं, पत्र्यावर ऊन, कुठेतरी एखादी लेथ गुरगुरतेय, आणि वरून हुकाची किर्र, किर्र. मला तर त्या आवाजाने असं वाटायचं की गाळाच हळूहळू खाडीकडे चाललाय. शेठ खाली यायचे, हातात थंड दुधाचा ग्लास, कारण त्यांना ॲसिडिटी. मान वर करून ऐकायचे. किर्र येतंय म्हणजे काम चालू. आवाज थांबला की मला विचारायचे, "झोपले का रे?"

मी म्हणायचो, "नाही शेठ, अडकलेत."

खरं म्हणजे मला काय कळणार. झोपलेले असायचे बऱ्याचदा.

काम काय होतं ते मला समजलं ते टपरीवर. नाखवा कधी एक चहा सांगायचे नाहीत. दोन सांगायचे, दोन्ही स्वतःसमोर ठेवायचे, एक प्यायचे आणि दुसरा बराच वेळ बघत बसायचे. त्या दिवशी ते दोन ग्लास पुढे सरकवून म्हणाले, "हे बघ. कंप्युटरला अक्षर कळत नाही. त्याला खोलीचा नंबर कळतो. इंग्रजी अक्षरं मूठभर, एका खोलीत एक, सडाफटिंग. जपानी अक्षरं हजारो. तेवढे नंबरच नाहीत. मग त्यांनी काय केलं, दोन नंबर मिळून एक अक्षर केलं. नवरा-बायको. जोडीने राहायचं, जोडीने हलायचं."

"मग अडलंय कुठे?"

"आपला प्रोग्राम एकट्या माणसांच्या चाळीत वाढलाय. त्याला जोडी दिसतच नाही. छातीवरची जागा संपली की तो कापतो. नवरा अलीकडे, बायको पलीकडे. ती मग पुढच्या घरातल्या नवऱ्याला धरते, त्याची बायको त्याच्या पुढच्याला, आणि अख्खी चाळ शेवटपर्यंत चुकीच्या जोडीने."

मी म्हटलं, "आमच्या चाळीत पण एकदा असं झालेलं."

नाखवा इतके हसले की दोन्ही चहा सांडले. मग गंभीर होऊन विचारलं, "सुटलं कसं?"

"एक बिऱ्हाड कल्याणला गेलं."

"तेच," म्हणाले. "आपल्याला पण कुणालातरी कल्याणला पाठवावं लागणार."

आणि काही जोड्या याहून वाईट होत्या. त्यांच्यातला दुसरा नंबर नेमका तोच, जो आमचा प्रोग्राम स्वतःसाठी खूण म्हणून वापरायचा. ती खूण दिसली की तो समजायचा की आपल्याला काही हुकूम आलाय, आणि ते अर्धं अक्षर गिळून मोकळा. नावाच्या मधोमध भोक. नाखवा प्रोग्रामवर रागवायचे नाहीत. झोपाळा पुढे आला की स्क्रीनला म्हणायचे, "बाबा, एकटी बघू नकोस तिला. नवऱ्यासोबत बघ."

असे महिने गेले. रोज वरून फ्लॉपी यायची, मी लावायचो, मशीन टकटकटक करत एक नाव काढायचं, नाखवा खाली येऊन कापड उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "उशी." म्हणजे घरी ने.

मला त्या उशांवर स्वप्नं पडायला लागली. स्वप्नात ओहोटी लागलेली असायची, कळव्याच्या पुलाखालचा सगळा चिखल उघडा, आणि त्याच्यावरून निळी अक्षरं दोघं दोघं हात धरून चाललेली. मधेच एक एकटंच. ते माझ्याकडे बघायचं आणि मी स्वप्नातसुद्धा म्हणायचो, मला वाचता येत नाही रे बाबा, दुसऱ्याला विचार.

शेजारच्या मावशींच्या सुनेचं बाळ रात्रभर रडायचं. मावशींनी एक दिवस आमची उशी मागून नेली, आणि बाळ झोपलं. मग काय, त्यांनी सगळ्या चाळीत सांगितलं की ह्यांच्याकडे जपानी मंत्राचं कापड आहे. दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरून एक आजोबा गुडघ्यासाठी घेऊन गेले. मी घाबरत घाबरत नाखवांना सांगितलं. म्हटलं, त्याच्यावर काही वंगाळ लिहिलेलं असलं तर?

"कुठली ओळ?" त्यांनी विचारलं. मी बोटाने हवेत काढून दाखवली. डोळे मिटून त्यांनी ती वाचली. "काहीच नाही लिहिलेलं. सगळी जोडी तुटलेली माणसं आहेत. रात्री आपापला माणूस शोधत असतील. त्या हाका ऐकून झोप लागत असेल पोराला."

"आणि आजोबांचा गुडघा?"

"त्याला डॉक्टरकडे ने."

हळूहळू नावं बरोबर यायला लागली, आणि मग ती बिघडवायचं काम माझ्याकडे आलं. एम्ब्रॉयडरीवाल्याची इज्जत कात्रीत असते. अक्षराच्या एका भागातून दुसऱ्या भागात मशीन उडी मारतं तेव्हा सुटे धागे राहतात, ते मुळापासून साफ करायचे. माझ्यासारखी सफाई इस्टेटमध्ये कुणाची नाही, हे मी स्वतः सगळ्यांना सांगितलेलं. पहिलं एकदम नीट नाव निघालं, कुठल्यातरी मुलाचं, आणि त्यात एका कोपऱ्यात उगाच एक बारका ठिपका लोंबकळल्यासारखा. मी कात्री लावली आणि साफ करून वर पाठवलं.

हुकाची किर्र थांबली. नाखवा जिना उतरून आले. कापड उन्हात धरलं. मग हळू आवाजात म्हणाले, "कुणाच्या कपाळावरची टिकली काढलीस रे?"

तो ठिपका अक्षराचाच होता. त्याच्याशिवाय ते दुसरंच अक्षर होत होतं. मग आम्ही दोघं मशीनखाली रांगत, धाग्याच्या कचऱ्यात तो ठिपका शोधायला लागलो. नवीन काढायला मशीनला डोळा मिटायचा पण वेळ लागला नसता, पण नाखवा म्हणाले, आधी शोध, मग नवीन. शेवटी सापडला. जवळजवळ काहीच नाही, निळी मुंगी म्हणा. नाखवांनी तो तळहातावर घेतला आणि जपानी लोकांसारखे कमरेतून वाकले. मी पण वाकलो. तेवढ्यात शेठ दूध घेऊन आत आले आणि आम्हाला दोघांना एका हाताच्या पंजासमोर वाकलेलं बघून तसेच मागे गेले.

आता मुद्द्याचं. जपानवाल्यांनी शेवटची परीक्षा ठेवली. एका शाळेतल्या खऱ्या पोरांची नावं फ्लॉपीवर पाठवली, सोबत छापलेला कागद. आमचा प्रोग्राम त्या सगळ्या नावांसकट फ्लॉपीवर परत पाठवायचा, टाके त्यांच्या कंप्युटरवर बनवून ते बघणार. पास झालो तर ऑर्डर. ऑर्डर आली तर शेठ मोठं, ओळीने डोकी असलेलं, एकदम अनेक कापडं भरणारं मशीन घेणार, आणि त्याचा इन्चार्ज मी. ही गोष्ट नक्की नव्हती, पण सासुरवाडीला मी ती नक्की करून टाकलेली. खिशाला लावायला पेनसुद्धा घेतलेलं. लिहिणार काय हा प्रश्न पुढचा. आणि ऑर्डर नाही आली तर पोटमाळा बंद, हे शेठने सगळ्यांसमोर साफ सांगितलेलं. बाहेर दुसरा कुणीतरी हेच काम करतोय असंही त्यांच्या कानावर होतं.

सगळी नावं निघाली. एक सोडून. पहिलीतली एक पोरगी. तिच्या आडनावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी मशीनने नुसत्या दोन जाड आडव्या रेघा काढल्या. मी म्हटलं, मशीन बिघडलं.

"बिघडलं नाही," नाखवा म्हणाले. "ह्या खडावा आहेत. त्या छापखान्यात एखाद्या अक्षराचा खिळा नसला की म्हातारा दुसरा कुठला तरी खिळा उलटा बसवायचा. त्याच्या बुडाचा असाच ठसा उठतो. जपानी लोक म्हणतात, लाकडी चपलेचा ठसा. म्हणजे माणूस आलाय, दाराशी उभा आहे, पण आपल्याकडे त्याला द्यायला अक्षर नाही."

छापलेल्या कागदावर त्या जागी कुणीतरी पेनाने अक्षर काढलेलं. नाखवांनी मला दाखवलं. वर टोपी, खाली घराचे दोन खांब. आमच्या यादीत त्याच्यासारखंच दुसरं साधं अक्षर होतं. फरक एवढाच की साध्या अक्षरात मधे खिडकीसारखा चौकोन, आणि पोरीच्या अक्षरात त्या जागी शिडी.

शेठ म्हणाले, "खिडकीवालं टाका. अर्थ तोच ना?"

"तोच."

"मग? छातीवर बोटभर नाव. कुणाला कळतंय?"

"पोरीला कळेल."

"पहिलीतली आहे हो ती."

"म्हणून तर. पहिलीत माणसाला एवढंच वाचता येतं, स्वतःचं नाव."

मी मधे बोललो, "मला पहिलीत तेही येत नव्हतं." माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

नाखवांनी शिडीचं अक्षर बनवलंसुद्धा. अशा उपऱ्या अक्षरांसाठी जपानी लोकांनी नंबरांच्या चाळीत शेवटच्या काही खोल्या मोकळ्या ठेवलेल्या असतात. तिथे आपण आपलं अक्षर बसवायचं. बसवलं, आमच्या मशीनवर सुंदर आलं. शेठ खूश, मी त्याहून खूश, पेन खिशात सरळ केलं. आणि नाखवाच डोकं हलवायला लागले.

"काय झालं आता?"

"ह्या मोकळ्या खोल्या प्रत्येकाच्या कंप्युटरात आपल्या आपल्या. आपल्याकडे त्या नंबरात ही पोरगी राहते. त्यांच्याकडे त्याच नंबरात कोण राहत असेल, कुणास ठाऊक. फ्लॉपी तिकडे गेली की पोरीच्या छातीवर कुठला तरी परका येऊन बसेल."

म्हणजे वाटा दोन. खिडकीचं अक्षर घालायचं आणि गुपचूप पास व्हायचं, किंवा खडावा तशाच ठेवायच्या, म्हणजे सगळ्यांना दिसणार की आमच्याकडे अक्षर नाही.

नाखवा म्हणाले, "खडावा ठेवू. आणि सोबत शिडीचं अक्षर कापडावर हाताने काढून पाठवू. खाली लिहू, हिला विचारा."

त्यांनी ते अक्षर माझ्या हातात बसवायचं ठरवलं. कंप्युटर नाही, प्रोग्राम नाही, पायाचं जुनं मशीन आणि गोल रिंग. मी सांगितलं, मला सही धड करता येत नाही. म्हणाले, "मग तर चांगलं. तुझ्या हाताला वाईट सवयी नसतील."

रविवारी कोळीवाड्यात बोलावलं. ओट्यावर जवला वाळत घातलेला, गुलाबी, नखाएवढी सुकी कोळंबी, मऊ चादरीसारखी पसरलेली. खाडीवरून वारा येत होता आणि सगळ्या गल्लीचे पडदे एकदम फुगत होते. नाखवांनी काडी घेतली आणि त्या जवल्यात अक्षर काढलं, हे मोठं. आधी टोपी, मग शिडीचे पाय, मग पायऱ्या वरून खाली. पुसलं. मला काडी दिली. मी काढलं. पुसलं. परत. ऊन कलत गेलं, जवला माझ्या बोटांना चिकटला, आणि कधीतरी असं झालं की मी काढत नव्हतोच, हात आपला आपण शिडी चढत होता.

आतून त्यांची बहीण आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जवल्यान काय खेलतंस रं? लहान हाईस काय?"

नाखवा म्हणाले, "पोरीचं नाव लिवतो गो."

"कोनाची पोर?"

"जपानची."

तिने माझ्याकडे बघितलं, मग जवल्याकडे. "मंग जेवून जा," म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

सोमवारी मी पायाच्या मशीनवर ते अक्षर भरलं. एक पायरी जरा खाली झुकली. उसवतो म्हटलं, तर नाखवा म्हणाले, असू दे, चढलेली शिडी वाटते.

दुपारी कुरियरवाला येऊन गाळ्याच्या दारात उभा राहिला. शेठच्या हातात पाकीट, अजून उघडं.

"नाखवा, शेवटचं विचारतो. खिडकी टाकता का?"

नाखवा झोपाळ्यावरून उतरून खाली आलेले. "शेठ, नाव तुमचं, ऑर्डर तुमची. तुम्ही म्हणालात तर आत्ता टाकतो, पाच मिनिटांचं काम आहे."

"मग टाका."

"टाकतो. पण मग त्या पोरीला कुणी कधीच विचारणार नाही. ती दाराशी आली होती हेच कुणाला कळणार नाही."

मी शेठच्या मागे उभा राहून नाखवांना डोळ्यांनी खुणावत होतो, टाका, टाका. सासऱ्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर. नाखवांनी माझ्याकडे बघितलं आणि असे हसले, जसं काही मी त्यांच्याच बाजूने उभा आहे.

शेठनी दूध संपवलं. ग्लास माझ्या मशीनवर ठेवला. बाहेर कुरियरवाला स्कूटरच्या आरशात केस नीट करत होता. "माझ्या बापाने मला शाळेत घातलं तेव्हा मास्तरने न विचारताच भलती तारीख लिहिली जन्माची," शेठ एकदम म्हणाले. मग स्वतःलाच वैतागल्यासारखे, "पाठवा तुमच्या खडावा. मला ॲसिडिटी होते तुमच्याशी बोलून." आणि पाकीट बंद केलं.

बरेच दिवस काही आलं नाही. नाखवा झोके घेत राहिले, मी वर्तकनगरच्या एका शाळेचे बॅज काढत राहिलो. मग एका सकाळी फॅक्सच्या मशीनमधून जपानी कागद सरसरत आला. तो वाचता येणारा माणूस गाळ्यात एकच. शेठनी कागद नाखवांना दिला, जसा आपण रिपोर्ट डॉक्टरला देतो.

नाखवांनी आधी पूर्ण वाचला. मग सांगायला लागले. "नमस्कार वगैरे लिहिलंय. कापड पोचलं. मग त्यांचा एक माणूस त्या पोरीच्या घरी गेला."

"घरी गेला?" शेठ म्हणाले.

"गेला. विचारलं. आई म्हणाली, घराच्या पाटीवर आम्ही शिडीच लिहितो, पण शाळेत खिडकी चालेल. मग पोरीला विचारलं. पोरगी म्हणाली, खिडकीच बरी, शिडी काढताना हात दुखतो."

मला हसायला येत होतं आणि हसायची हिंमत होत नव्हती.

"शिडीचं कापड आईने मागून घेतलं," नाखवा म्हणाले.

"आणि ऑर्डर?"

"ऑर्डर त्यांनी दुसऱ्या कुणालातरी दिली. त्यांच्याकडून सगळी नावं भरून आली, लवकर आली. आपले आभार मानलेत."

शेठ माझ्या स्टुलावर बसले. "म्हणजे खिडकी टाकली असती तरी चाललं असतं."

"चाललं असतं."

"आणि तुम्ही हसताय."

"हसत नाही, शेठ. मला बरं वाटतंय," नाखवा म्हणाले. कागद नीट घडी करून त्यांनी शेठच्या मांडीवर ठेवला. "विचारलं तिला. कुणीतरी उठून तिच्या घरी गेलं आणि विचारलं."

शेठ रागावतील असं वाटलं होतं. पण ते मला म्हणाले, "जा, तीन चहा सांग." मी सांगितले चार, एक नाखवांचा जादाचा. त्या दिवशी तो शेठ प्यायले.

पोटमाळा बंद झाला, तिथे कापडाचे तागे आले. मी इन्चार्ज झालो नाही, आणि सासुरवाडीला अजून वाटतं की मी ते पद नम्रपणाने नाकारलं. माझ्या हातचं जे काही सरळ निघालं ते ठाण्यात धुऊन धुऊन फाटलं, आणि एक वाकडी पायरी मात्र जपानात कुणाच्या तरी घरी आहे.

नंतर एकदा मी कोळीवाड्यात गेलो. नाखवा ओट्यावर, पाय खाली सोडून हलवत बसलेले. पुढे बघत होते, खाडी भरत होती. मी बाजूला बसलो. म्हटलं, "नाखवा, एक राहिलं. ते अक्षर अजून माझ्या हातात आहे. पण त्याचा अर्थ काय ते मी कधी विचारलंच नाही."

त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. "तुझ्या नावाचा अर्थ विचारला का मी कधी? हाक मारली, तू आलास. झालं ना?"

माझ्या नावाचा अर्थ हुशार असा होतो. म्हणून मीही विषय वाढवला नाही.